किती डाग, केवढे डाग

‘प्रभू बाबाजी नवले विरुद्ध मुंबई राज्य’ हा खुनाचा खटला १९५६ च्या निवाडे-संग्रहांत छापलेला आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने रासायनिक विश्लेषकाचं एक कर्तव्य स्वच्छ सांगून ठेवलं. तपासायला आलेल्या प्रत्येक वस्तूवर रक्ताचे किती डाग सापडले आणि प्रत्येक डाग केवढा आहे, हे त्याने अहवालात नोंदवलं पाहिजे. डाग फारच बारीक किंवा मोजण्यापलीकडचे असतील तर तेवढी सवलत. आज वऱ्हाडातल्या एखाद्या खून खटल्याचे कागद चाळले तर घटनास्थळ पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग दिसून आले’ किंवा ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हे शब्द असतात. जप्ती पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग असलेला शर्ट’ असतो. आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, म्हणजे सीए रिपोर्टात, त्या शर्टासमोर ‘मानवी रक्त, गट बी’ एवढी एक ओळ असते. किती आणि केवढे, हे दोन्ही रकाने बहुधा कोरेच राहतात.

त्या कोऱ्या जागेत एखाद्याचं आयुष्य अडकलेलं असू शकतं. वस्तीवर भांडण झालं, एकाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली, दुसऱ्याने त्याला उचलून गाडीत घातलं. मारणाऱ्याच्या शर्टावर जखमीचं रक्त आहे आणि उचलणाऱ्याच्या शर्टावरही. गट तोच, डीएनए तोच. फरक आहे तो डागांच्या घडणीत. एकावर बारीक, सुटे, एका दिशेने लांबट झालेले शिंतोडे असतील. दुसऱ्यावर खांद्याशी आणि बाहीवर टेकून, घासून लागलेले मोठे पट्टे असतील. रक्त कुणाचं ते रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सांगतं, पण ते तिथे कसं पोचलं हा प्रवाही पदार्थांच्या भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यातलं किती कळलं, कुठे घोडं अडलं आहे आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात त्यातलं काय लागू पडतं, याचा हा आढावा.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. सोयाबीन-तुरीचा, काळ्या मातीचा, मे महिन्यात भाजून निघणारा आणि पावसाळ्यात आठवडाभर ऊन न दिसणारा मुलूख. मुद्देमाल लाखेच्या सीलबंद पाकिटांत अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तो तिथे पोचेपर्यंत डागाच्या भौतिक कहाणीचा बराच भाग पुसला गेलेला असतो. कापसाच्या बोळ्याने टिपलेलं रक्त गटासाठी पुरतं. त्याचा आकार मात्र फरशीवरच राहून गेलेला असतो, आणि फरशी दुसऱ्या दिवशी धुतली जाते.

रक्त हा पाण्यासारखा साधा द्रव नाही. घनता पाण्याहून किंचित जास्त, घनमीटरला सुमारे १०६० किलो. पृष्ठताण पाण्याहून कमी. खरा फरक चिकटपणात आहे. रक्ताच्या आकारमानाचा ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलेला असतो. प्रत्येक पेशी ७-८ मायक्रॉन रुंद, मधोमध दबलेली चकती. रक्त संथ असलं की या चकत्या एकावर एक रचून त्यांच्या चवडी बनतात आणि द्रव दाट होतो. जोरात वाहू लागलं की चवडी मोडतात, पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि तेच रक्त पातळ वागतं. जोराच्या प्रवाहात त्याचा चिकटपणा पाण्याच्या चार-पाच पट, संथ असताना त्याहून कितीतरी अधिक. पेशींचं प्रमाण घटलं की हे सगळे आकडे हलतात. विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल या दोन्हींचं ओझं मोठं आहे. उलट पाठ्यपुस्तकांतले आकडे बहुतेक निरोगी रक्तदात्यांच्या, नाहीतर डुकराच्या रक्तावर काढलेले आहेत. इथल्या एखाद्या अशक्त बाईच्या रक्ताला ते जसेच्या तसे लावणं बरोबर नाही.

जखमेतून किंवा हत्यारावरून नुसता गळणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. चित्रात काढतात तशी शेपटी त्याला नसते. पृष्ठताण त्याला गोल ठेवतो. एक मीटरवरून पडला तर जमिनीला भिडताना त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो आणि गुळगुळीत फरशीवर डाग दीड सेंटिमीटरच्या आसपास पसरतो. उंची वाढवत नेली तर डाग आधी भराभर मोठा होतो, मग वाढ मंदावते, कारण हवेच्या विरोधामुळे एवढ्या थेंबाचा वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या फारसा पुढे जातच नाही. म्हणून डागाच्या व्यासावरून ‘एवढ्या उंचीवरून पडला’ असं छातीठोक सांगता येत नाही, आणि थेंबाचं मूळ आकारमान माहीत नसेल तर मुळीच नाही. डागाच्या कडेचे काटे आणि बाजूला उडालेले ठिपके हे तर उंचीपेक्षा पृष्ठभागावर जास्त अवलंबून असतात. काचेवर किंवा पॉलिश केलेल्या फरशीवर कड साफ गोल येते. खडबडीत कोब्यावर तोच थेंब दातेरी होतो.

तिरका आदळलेला थेंब लंबगोल डाग सोडतो. त्याची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळण्याच्या कोनाचं साइन. पॅरिसचे वैद्यकीय न्यायशास्त्रज्ञ व्हिक्टर बाल्थाझार यांनी १९३९ मध्ये हा मार्ग दाखवला. डाग ६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर लांब असेल तर भागाकार ०.५, कोन ३० अंश. भिंतीवरच्या अशा वीस-पंचवीस डागांच्या लांबीच्या रेषा मागे वाढवल्या की त्या एका ठिकाणाजवळ एकमेकींना छेदतात. कोन लावून दोऱ्या ताणल्या की ते ठिकाण जमिनीपासून किती उंचीवर होतं तेही निघतं. उभ्या माणसाला मारलं की बसलेल्याला, हे त्यावरून ठरवायचं.

हा भाग मला या शास्त्रातला सगळ्यात सुंदर वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा नीट सांगायला हव्यात. डाग जवळजवळ गोल असेल तर मोजमापातली जरा चूकही फार महाग पडते. १० बाय १० मिलिमीटरचा डाग म्हणजे ९० अंश. रुंदी अर्धा मिलिमीटर कमी भरली की उत्तर थेट ७२ अंशांवर येतं. दुसरी अडचण दोऱ्यांची. दोरी सरळ असते, थेंब मात्र गुरुत्वाकर्षणामुळे कमानीतून जातो आणि हवा त्याला मागे ओढते. सरळ दोरीने काढलेली उंची त्यामुळे खऱ्या उंचीपेक्षा जास्त भरते. ती कमाल मर्यादा म्हणून सांगितली तर ठीक. ‘मयत उभा होता’ असं तिच्यावरून ठोकून देणं चूक. ॲमस्टरडॅम विद्यापीठ आणि नेदरलँड्सच्या सरकारी न्यायवैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये यावर तोडगा मांडला. सुकलेल्या डागाचं आकारमान त्रिमितीय पद्धतीने मोजायचं, त्यावरून मूळ थेंब केवढा होता ते काढायचं, डागाच्या पसरटपणावरून वेग काढायचा, आणि मग कमानीचाच मार्ग आकडेमोडीने मागे न्यायचा. अंदाज त्याने बराच सुधारतो. म्हणजे थेंब कसा उडाला हे नीट कळायला तो सुकतो कसा हेही कळावं लागतं.

वाळण्याकडे वळण्याआधी बारीक थेंबांबद्दल थोडं. एक दशांश मिलिमीटरचा थेंब सेकंदाला १० मीटर वेगाने निघाला तरी हवा त्याला फूटभराच्या आतच थोपवते. त्यामुळे शर्टावर असा धुक्यासारखा शिडकावा सापडला तर तो माणूस घाव बसताना अगदी जवळ होता, असं म्हणायला जागा होते. पण जखमी खोकला, धापा टाकू लागला, तरी नाकातोंडातलं रक्त असंच उडतं आणि ते उचलायला गेलेल्याच्याही अंगावर येतं. अशा डागांत कधी हवेचे बुडबुडे फुटून राहिलेली कडी दिसतात, कधी लाळ सापडते. भिंगाखाली बघावं लागतं, आणि बघायला डाग शाबूत असावा लागतो.

आता वाळणं. इथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत खरी भर पडली आहे. थेंब काचेवर टेकला की त्याची कड तिथेच रोवली जाते. कड पातळ, त्यामुळे पाणी तिथून झपाट्याने उडतं. ती तूट भरायला आतून बाहेर प्रवाह सुरू होतो आणि त्याच्याबरोबर कण कडेला येऊन साचतात. कॉफीच्या डागाची कड गडद का होते, याचं हे उत्तर शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दिलं. मार्सेयला डेव्हिड ब्रुटिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तेच रक्ताच्या थेंबावर तपासलं. तांबड्या पेशी कडेकडे सरकतात, कडेला जेलीसारखं कडं बनतं, ते आत आत येतं, आणि शेवटी आकसणाऱ्या थराला भेगा पडतात. थर खालच्या काचेला धरून बसलेला असतो आणि वरून आकसत असतो. ताण असह्य झाला की फाटतो. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात त्या याच कारणाने, आणि दोन्हीकडे नियमही एकच आहे: थर जाड तिथे भेगांमधलं अंतर जास्त. म्हणून जाड कडेला मोठमोठ्या पाकळ्या सुटतात आणि पातळ मध्यावर बारीक जाळी दिसते. रक्तक्षय असलेल्या माणसाच्या थेंबाची नक्षी वेगळी उमटते हेही त्या संशोधकांना दिसलं.

मार्सेयच्या त्या खोलीत तापमान २२ अंशांच्या आसपास होतं, आर्द्रता ४० टक्क्यांच्या थोडी वर, आणि थेंब वाळायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. हाच थेंब वाशीममध्ये पडला तर? गणित अवघड नाही. वाळण्याचा वेग ढोबळमानाने हवेत आणखी किती वाफ मावू शकते यावर ठरतो. २२ अंश आणि ४२ टक्के आर्द्रतेला घनमीटरभर हवेत आणखी सुमारे ११ ग्रॅम वाफ मावते. मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर ४५ ग्रॅम. जुलैच्या झडीत २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर जेमतेम २ ग्रॅम. मार्सेयचा अर्धा तास मेच्या दुपारी सात-आठ मिनिटांवर येतो आणि जुलैच्या रात्री अडीच तासांवर जातो. एकाच गावात, एकाच ओट्यावर, दोन महिन्यांच्या अंतराने वीस पटींचा फरक. बाष्पीभवनाने थेंब स्वतः थंड होतो, त्यामुळे मेमधला वेग प्रत्यक्षात थोडा कमी भरेल. पंखा, वारा, तापलेले पत्रे असतील तर पुन्हा वाढेल. पण गुणोत्तराचा अंदाज यायला एवढं पुरेसं आहे.

या गुणोत्तराचा खटल्याशी संबंध सरळ आहे. थेंबाची कड सगळ्यात आधी सुकते, साध्या हवेत एक-दोन मिनिटांतच. त्यानंतर कुणी त्यावर हात फिरवला, फडका मारला किंवा पाय ठेवला तर मधला ओला भाग पुसला जातो आणि कडेचं रिंगण तेवढं चिकटून राहतं. रिंगण किती रुंद आहे त्यावरून पुसण्यापूर्वी डागाला किती वेळ मिळाला होता हे अजमावता येतं. साक्षीदार म्हणतो, ‘ओरडणं ऐकून मी दहा मिनिटांनी पोचलो, तेव्हा अमका माणूस फरशी पुसत होता.’ मे महिन्यातल्या दुपारी दहा मिनिटांनी सुटे थेंब पुरते वाळलेले असतील आणि कोरड्या फडक्याला दाद देणार नाहीत. जुलैत त्याच वेळी ते जवळजवळ जसेच्या तसे ओले असतील. थंड देशांतल्या खोलीत तयार झालेला तक्ता उन्हाळ्यात एका बाजूला चुकवेल आणि पावसाळ्यात बरोबर उलट्या बाजूला.

थारोळ्याचं वागणं निराळं. तिथे वाळण्याआधी रक्त साकळतं. साधारण काही मिनिटांत गाठ धरू लागते आणि पुढे तासाभरात पिवळसर सिरम सुटून बाजूला येतं. गाठ धरलेल्या रक्तावर पाय पडला तर गुठळीचे तुकडे तुकडे उमटतात, ओल्या रक्तावर पडला तर सलग ठसा येतो, आणि या फरकावरून दोन घटनांमध्ये वेळ गेला होता का ते कळतं. सपाट, पाणी न पिणाऱ्या फरशीवर थारोळ्याची जाडी मनाला येईल तेवढी नसते. पृष्ठताण आणि वजन यांचा मेळ बसून ती दीड-दोन मिलिमीटरवर स्थिर होते. म्हणजे अर्धा चौरस मीटर पसरलेलं थारोळं हे पाऊण ते एक लिटर रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण पाचेक लिटर असतं. पंचनाम्यात थारोळ्याची लांबी-रुंदी टाकली असेल तर मयताला तिथेच मारलं की मारून तिथे आणून टाकलं, या प्रश्नाला हात घालता येतो.

डागाचं वय रंगावरून सांगण्याचे प्रयत्न जुने आहेत. शरीराबाहेर पडलेल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं; ते परतवणारी पेशीतली यंत्रणा थांबलेली असते. आधी मेथहिमोग्लोबिन, मग हेमिक्रोम बनतं आणि लाल डाग तपकिरी होत जातो. परावर्तित प्रकाशाचा पट काढला तर ताज्या डागात ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरजवळ दोन खळगे दिसतात, आणि पुढे ६३० च्या आसपास नवी खूण उगवते. हॉलंडमध्ये यावर चांगलं काम झालं आहे. मात्र या बदलांचा वेगही तापमान आणि आर्द्रतेवर चालतो, आणि रंगीत लुगड्यावर किंवा मळक्या पंच्यावर पट वाचणं जिकिरीचं होतं. ‘डाग तीन दिवसांपूर्वीचा’ असं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगता येईल इतकी पक्की पद्धत आज नाही, आणि नाही ते नाही म्हणावं.

वर वारंवार काच आणि फरशी आली. जिल्ह्यातल्या घटना मात्र बऱ्याचदा शेतात, गोठ्यात, धुऱ्यावर आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर घडतात. सारवण पाणी पितं. थेंब आडवा पसरण्याऐवजी आत उतरतो, डाग लहान आणि गडद दिसतो, थारोळ्याची जाडी काढण्याचा हिशोबच मोडतो. काळ्या मातीत रक्त भेगेत उतरून वरून दिसेनासंही होतं. पोलीस ‘रक्तमिश्रित माती’ आणि तुलनेसाठी ‘साधी माती’ अशी दोन पाकिटं घेतात, ती पद्धत योग्यच आहे. पण काळ्या मातीतली चिकणमाती डीएनएला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पुढची तपासणीही सोपी राहत नाही. कापडाचं आणखी वेगळं. सुती धाग्याची वीण रक्ताला धाग्याच्या दिशेने ओढत नेते. रुंदी भागिले लांबी हा नियम तिथे चालत नाही, कारण लांबी थेंबाच्या वेगाने ठरलेली नसून विणीने ठरवलेली असते. आपल्याकडे मुद्देमालात सगळ्यात जास्त कपडेच येतात.

सोयाबीनबद्दल वाशीममध्ये बोलायलाच हवं. रक्ताची पहिली चाचणी, मग ती फिनॉल्फ्थॅलिनची असो वा ल्युमिनॉलची, हिमोग्लोबिनच्या एका गुणावर चालते: हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण घडवून आणतं. हाच गुण वनस्पतींतल्या पेरॉक्सिडेज विकरांत असतो, आणि सोयाबीनच्या टरफलात हे विकर इतकं भरपूर आणि इतकं टिकाऊ असतं की उद्योगासाठी ते तिथूनच काढतात. ऑक्टोबरात सोंगणी केलेल्या विळ्याचा बोळा गुलाबी झाला तर त्यात आश्चर्य नाही. द्रव टाकण्याचा क्रम नीट पाळला आणि रंग यायला लागलेला वेळ लिहिला तर अनुभवी माणूस फरक ओळखतो. तरीही खात्रीची चाचणी झाल्याशिवाय ‘विळ्यावर रक्त’ हे शब्द कागदावर येऊ नयेत. गंजाचीही अशीच गल्लत होते.

माश्यांचंही ऐका. उन्हाळ्यात उघड्यावरच्या रक्तावर माश्या बसायला वेळ लागत नाही. त्या रक्त पितात, थोडं ओकतात, विष्ठा टाकतात, आणि दूरच्या भिंतीवर बारीक तपकिरी ठिपके उमटतात. गटही मयताचाच येतो आणि डीएनएही. ते शिंतोडे धरले तर जिथे काहीच घडलं नाही त्या खोलीत खून घडवला जाईल. माशीच्या ठिपक्यांना एक दिशा नसते, कुणाची शेपटी इकडे तर कुणाची तिकडे, आणि शेपटी कधी ठिपक्याहून लांब असते. पंचवीस ठिपक्यांच्या दिशा मोजल्या तर हे उघड होतं; एकाच ठिपक्यावरून होत नाही.

या विद्येचा इतिहासही सावध करणारा आहे. क्राकोचे एडुआर्ड पिओत्रोव्स्की यांनी १८९५ मध्ये सशांवर प्रयोग करून डोक्यावरच्या घावांतून उडणाऱ्या रक्ताचा अभ्यास छापला, आणि त्यांची चिकाटी आजही थक्क करते. अमेरिकेत गुन्हेशास्त्रज्ञ पॉल कर्क यांनी १९५५ मध्ये, पत्नीच्या खुनासाठी शिक्षा झालेल्या डॉ. सॅम शेपर्ड यांच्या खटल्यात भिंतीवरच्या डागांवर प्रतिज्ञापत्र दिलं. शेपर्ड फेरसुनावणीत १९६६ मध्ये सुटले. १९७१ मध्ये हर्बर्ट मॅकडोनेल यांचं रक्ताच्या डागांवरचं पुस्तक आलं आणि नंतर चाळीस तासांचे वर्ग निघाले. पोलीस आठवडाभर शिकून तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊ लागले. टेक्ससमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाला पत्नीच्या खुनासाठी शिक्षा झाली त्यात अशीच साक्ष होती. २०१८ मध्ये राज्याच्या न्यायवैद्यक आयोगाने ती शास्त्राला धरून नव्हती असं ठरवलं. तोवर त्याची तीन दशकं तुरुंगात गेली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्येच या तंत्रातली अनिश्चितता प्रचंड असल्याचं बजावलं होतं. २०२१ मध्ये ७५ व्यावसायिक विश्लेषकांना १९२ नमुने देऊन पाहिलं तेव्हा, जिथे खरं कारण माहीत होतं तिथे ११.२ टक्के उत्तरं चुकली.

नऊ उत्तरांत एक चूक, आणि तीही सरावलेल्या माणसांची. मी यातून ही विद्या टाकून द्यावी असा अर्थ काढत नाही. चुकांचा मोठा भाग नक्षी बघून नाव ठेवण्यात होतो: हा शिंतोडा, हा पुसल्याचा डाग, हा उगारलेल्या हत्यारावरून उडालेला. मोजमापाचा भाग, म्हणजे कोन, संख्या, आकारमान, रिंगणाची रुंदी, याला त्रुटीची मर्यादा लावता येते आणि उलटतपासणीत ती विचारताही येते. जिथे आकडा आहे तिथे बचाव पक्षाचा तज्ज्ञ तोच आकडा पुन्हा काढू शकतो. नक्षीबद्दलच्या मताशी मात्र फक्त वाद घालता येतो.

आपल्या न्यायालयांपुढे डागाचा प्रश्न बहुतेक वेळा निराळ्या रूपात आला आहे. ‘राजस्थान राज्य विरुद्ध तेजाराम’ या १९९९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नमुना विघटित झाल्यामुळे रक्त मानवी की प्राण्याचं हे सांगता आलं नाही, तरी तेवढ्याने ते मानवी नव्हतंच असं होत नाही. २०१९ मध्ये ‘बलवान सिंग विरुद्ध छत्तीसगड राज्य’ यात न्यायालयाने अशा पुराव्याला एकच ठरीव साचा लावता येत नाही, प्रत्येक खटल्याची परिस्थिती पाहावी असं सांगितलं. विघटन होतं कसं, हेही वरच्या गणितात आहे. जुलैत ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की वाफ जायला वाटच उरत नाही आणि जिवाणूंना आयती ऊब मिळते. सावलीत, पंख्याखाली, कागदावर पसरून कोरडा करून कागदी पाकिटात घातलेला शर्ट महिनोन्‌महिने बोलका राहतो. कोरडेपणा हा डागाचा मित्र आहे, आणि पावसाळ्यात तो मुद्दाम मिळवून द्यावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. तरतूद चांगली आहे. पण कॅमेरा फिरवत नेलेल्या व्हिडिओतून ६ बाय १२ मिलिमीटरचा डाग मोजता येत नाही. त्यासाठी डागाशेजारी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरून काढलेलं स्थिर छायाचित्र लागतं. भिंतीवरच्या डागांसाठी जमिनीपासूनची उंची लागते. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं तळहाताएवढं यंत्र स्वस्तात मिळतं. पंचनाम्याच्या नमुन्यात वेळेच्या शेजारी या दोन आकड्यांसाठी रकाना असावा. पंच पुढे फितूर झाले तरी हे आकडे फितूर होत नाहीत.

उरलेलं काम महाविद्यालयांनी करण्यासारखं आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईला शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत. वाशीम, रिसोड, कारंज्याच्या महाविद्यालयांतही, म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहेत. अचूक वजनकाटा, आर्द्रतामापक आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर मे, जुलै आणि डिसेंबर अशा तीन मोसमांत थेंब वाळण्याचे तक्ते होऊ शकतात. बकऱ्याचं रक्त सहज मिळतं, पण त्याच्या पेशी माणसाच्या निम्म्याहून लहान असतात आणि चवडीही धरत नाहीत. डुकराचं, किंवा नैतिक समितीच्या परवानगीने रक्तपेढीतलं मुदत संपलेलं मानवी रक्त घ्यावं. कोबा, शहाबादी फरशी, पत्रा, सुती धोतर, काळी माती असे पृष्ठभाग घ्यावेत. आणि सुरुवात शेणाने सारवलेल्या जमिनीपासून करावी, कारण तिच्यावरचे आकडे मार्सेय किंवा ॲमस्टरडॅममध्ये कुणी काढणार नाही.